डावीकडून दोन सूत खाली

…आणि वर ते ट्रॅक्टरचं पुस्तक मलाच शहाणपण शिकवतं, 'ट्रॅक्टर प्रथम सपाट जागेवर उभा करावा'! सपाट जागा! अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या ओहायोच्या या कोपऱ्यात सपाट जागेशिवाय आहे काय? देवानं मुलूख इस्त्री करून ठेवलाय! मक्याच्या शेतात उभं राहिलं की पलीकडच्या गावातला माणूस शिंकलेला दिसतो. अख्ख्या जिल्ह्यात उतार म्हणून एकच, आणि तो कुठं? माझ्या गॅरेजच्या दारात! पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बांधणाऱ्या शहाण्यानं काँक्रीटच कलतं घातलंय. आणि आत जावं, तर आत बायकोचा, म्हणजे डार्लाचा, डीप फ्रीझर, नाताळची प्लॅस्टिकची हरणं, मेव्हण्यानं 'आठवड्यासाठी' ठेवलेली आणि गेली कित्येक वर्षं तिथंच पडलेली होडी… ते सगळं उपसलं! का? तर गवत कापायच्या ट्रॅक्टरचा डेक सरळ करायचा म्हणून! वीट आला मला, तुम्हाला सांगतो, वीट!

डेक म्हणजे काय, ट्रॅक्टरच्या पोटाखाली ती पत्र्याची पालथी परात असते ना, जिच्यात पाती गरागरा फिरतात, ती. ती लटकलेली असते चार ठिकाणी, आणि माझी डावीकडून खाली आलेली. किती? दोन सूत! दोन सूत म्हणजे पाव इंच, त्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा! पण गवताला ते कळतं हो! एक पट्टा उंच, एक पट्टा ठेंगणा, एक उंच, एक ठेंगणा… न्हाव्याला मधेच उचकी लागावी तसं अंगण दिसत होतं माझं. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्या पोरीची, कर्स्टनची, शाळा संपल्याची पार्टी! म्हणजे चर्च, दोन्हीकडचे नातेवाईक, तिचे शिक्षक, झाडून सगळं गाव माझ्या गवतावर हॅम सँडविच हातात घेऊन उभं राहणार, आणि आमच्याकडं माणसं आधी गवत बघतात, मग पोरगी बघतात.

आणि हे गवत, लक्षात घ्या, लग्न झाल्यापासून मी कापलेलं आहे. मी! दुसऱ्या कुणाचं चाक त्यावर फिरलेलं नाही. आमच्याकडं नियमच आहे, लिहिलेला कुठं नाही, पण सगळ्यांना पाठ. दुसऱ्या माणसानं तुमचं गवत कापलं, तर तुम्ही एकतर ऑपरेशनच्या टेबलावर असता, नाहीतर शवपेटीत. तिसरं कारण नाही!

तर शनिवारी सकाळी मी पाठीवर. खाली थंडगार काँक्रीट, वर डेक, आणि डेकच्या पोटात मागच्या उन्हाळ्यापासूनचं गवत, ओलं, काळं, थरावर थर, त्याला वास असा… शी! मी पाना लावला, नट जरा हलवला, आणि धप्पकन एक ढेकूळ डोळ्यावर. तोंड उघडलं ओरडायला, तर दुसरं तोंडात! चव? चव विचारू नका. त्या ढेकळात कधीकाळी बेडूक असलेलं काहीतरी होतं, इतकंच सांगतो. थुंकलो, पुसलं, पुन्हा पाठीवर.

तेवढ्यात कुंपणापाशी खाकरण्याचा आवाज. वर्लिन! आमचा शेजारी. हातात कॉफीचा मग, जन्मल्यापासून आहे तो मग त्याच्या हातात. आणि त्याचं गवत कसं, तर बेसबॉलच्या मैदानासारखं, फिकट पट्टा, गडद पट्टा, फिकट, गडद… बघून किळस यावी इतकं सुंदर! तो आपला हळूच म्हणतो, "काय रे लायल, टायरची हवा बघितलीस का?"

हवा बघितलीस का! मी काय काल जन्मलो? म्हटलं, "वर्लिन, डेक वाकडा आहे, टायर नाही." तो म्हणाला, "नाही, मी आपलं म्हटलं." हे 'मी आपलं म्हटलं' जे आहे ना, यावर खरं तर कायद्यानं बंदी पाहिजे. बरं, हा एकटा का? मेव्हण्याला फोन केला, होडीवाल्या, तर तो, "भावोजी, हवा बघितली का?" नट आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर काउंटरवरचा, "साहेब, हवा बघितली का?" दारातून डार्ला, "लायल ब्रॉकमन, हवा तरी बघितलीस का?" ज्या बाईनं उभ्या जन्मात ट्रॅक्टरचं झाकण उघडलं नाही, ती! मी काही बघितली नाही हवा. का बघू? सगळं गाव म्हणतंय म्हणून? वीट आला मला त्या हवेचा!

आता ऐका गंमत. डावा नट फिरवला, डेक डावीकडून वर. मापलं, तर उजवीकडून खाली! उजवा फिरवला, मापलं, डावा खाली! डावा वर, उजवा वर, डावा वर, उजवा वर… असं करत करत डेक जाऊन चिकटला थेट ट्रॅक्टरच्या पोटाला. म्हणजे आता गवत कापायचं असेल तर गवतानंच उडी मारायला हवी! मग दोन्हीकडून खाली, खाली, खाली, तर डेक टेकला जमिनीला. आणि मग एकदाचं डावं-उजवं जुळलं, मी घाम पुसला, पुस्तकाचं पान उलटलं, तर पुढं काय लिहिलंय? 'पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली असावी.' अहो मग सपाट कशाला म्हणता त्याला? मघापासून सपाट, सपाट म्हणून माझ्या छातीवर बसलात, आणि आता म्हणता वाकडा ठेवा? पुस्तक फेकून दिलं मी. ते हरणाच्या शिंगात अडकलं.

तेवढ्यात बाहेर घर्रर्र… ट्रॅक्टरचा आवाज. मी खालूनच म्हटलं, हा वर्लिन बघा, सकाळी एकदा कापलं, आता परत कापतोय मेला, मला खिजवायला! माझं गॅरेज पडतं घराच्या मागं, तिथून पुढचं अंगण दिसत नाही. मला काय ठाऊक तो कुणाचं कापतोय? ते डार्लाचं कारस्थान! मला न विचारता कुंपणावरून त्याला हात केला तिनं, "वर्लिन, तू तरी कापून टाक रे बाबा, हा काही संध्याकाळपर्यंत तिथून बाहेर निघत नाही," आणि स्वतः गेली गाडी घेऊन पाव आणायला!

आणि नेमकी त्या वेळी रस्त्यानं चालली होती आर्डिथबाई. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती. तिनं बघितलं, ब्रॉकमनच्या गवतावर वर्लिन. झालं! घरी गेली, ओव्हन लावला, आणि फोन उचलला.

मी बाहेर आलो तो दारात आर्डिथबाई उभी. हातात काचेचा ट्रे, वर फॉइल, खाली चिकटपट्टीवर तिचं नाव, म्हणजे भांडं नंतर परत यावं. तसा ट्रे आमच्याकडं मेलेल्याच्या घरी येतो! आणि मी कसा उभा? तोंड काळं-हिरवं, डोळा लाल, पाठीला हात लावून वाकलेला. तिनं एकदा बघितलं आणि ओरडली, "अरे देवा, रंग बघ तुझा! खाली बस आधी!" म्हटलं, "आर्डिथबाई, मी अगदी ठीक आहे."

इथं चुकलो! आमच्याकडचे पुरुष कधी म्हणतात 'मी ठीक आहे'? अँब्युलन्समध्ये घालताना! माझ्या वडिलांचं शेवटचं वाक्य तेच, आजोबांचं तेच. माझ्या तोंडून ते निघालं मात्र, तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "हृदय ना रे?" म्हटलं, "नाही हो बाई, डेक!" ती म्हणाली, "हो हो, बोलू नकोस." मी जितकं म्हणतोय मला काही झालं नाही, तितकी ती माझा हात थोपटतेय. डार्ला पाव घेऊन आली तोपर्यंत टेबलावर ट्रेच ट्रे! ट्यूना-नूडल्स, चिकन-नूडल्स, चीजखाली गाडलेले बटाटे, आणि कुणाची तरी हिरवी जेली, जिच्यात गाजर किसलेलं. गाजर! आजारी माणसाला जेलीत गाजर! म्हटलं, "डार्ला, यांना सांग खरं काय ते." तर ती फॉइल उचलून बघतेय, हळूच म्हणते, "लायल, उद्या हॅम कमी पडणारच होतं रे. जरा गप्प बस ना." बायको आहे की कोण? वीट आला!

मग पास्टर हूबर आले. गॅरेजमध्येच माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले, माझ्या हृदयासाठी, धमन्यांसाठी, सगळ्या अवयवांची नावं घेऊन प्रार्थना केली. मी मान खाली घालून उभा. काय करणार, देवाच्या मधे बोलता येतं का? आमेन झाल्यावर जाता जाता त्यांनी आमच्याकडचे पुरुष मारतात तशी बुटानं सहज लाथ मारली ट्रॅक्टरच्या टायरला, डावीकडच्या मागच्या, आणि टायर असा आत गेला हो, उशीसारखा! पास्टर म्हणाले, "लायल, यात हवा कमी वाटते."

पास्टरसमोर जे शब्द सुचले ते बोलायचे नसतात.

ते गेल्यावर हवा भरली. ट्रॅक्टर डावीकडून उचलला गेला, झाला सरळ… आणि डेक? अहो, डेक मी बसलेल्या टायरला जुळवून सरळ केला होता ना! आता तो उजवीकडून खाली! सकाळपासून जे केलं ते सगळं उलटं करायचं! मी तिथंच बसलो, हरणाशेजारी, आणि खरं सांगतो, रडायचाच राहिलो.

रविवारी पार्टी झाली. मी कुठं? झाडाखाली खुर्चीत, ऐन जूनमध्ये गुडघ्यावर पांघरूण! ते आर्डिथबाईंनी घातलेलं. लोक येतात, कर्स्टनला पाकीट देतात, माझ्यापुढं वाकून हळू आवाजात विचारतात, "कसं वाटतंय?" आणि मग सरळ उभे राहून मोठ्यानं, "पण वर्लिननं गवत काय कापलंय हो! टेबलच जणू!" माझ्या गवतावर उभं राहून! माझ्या तोंडावर! त्यात चर्चमध्ये जाहीर झालेलं, की उन्हाळाभर लायलचं गवत आपण वाटून घेऊ, तर वर्लिन उठून म्हणाला, "वाटायचं कशाला, मीच कापतो."

पण मीही ब्रॉकमन आहे! पुढचा आठवडाभर, डार्ला कामावर गेली की मी पाठीवर. टायरची हवा चारी बाजूंनी सारखी. डावं माप, उजवं माप, पुढून एक सूत खाली, पुस्तकात म्हटलंय तसं. आणि जमला! तुम्हाला सांगतो, जमला! असा डेक कारखान्यातून बाहेर पडत नाही. शनिवारी चढलो, किल्ली फिरवली, छाती काढून अंगणात आलो… तर समोर वर्लिन. मधोमध. कॉफीचा मग हातात.

म्हणाला, "उतर."

म्हटलं, "वर्लिन, बाजूला हो. मला काही झालेलं नाही. मी ठीक आहे."

तो हलला नाही. मगमध्ये बघत म्हणाला, "डॅरिलपण हेच म्हणाला होता. ट्रॅक्टरवर बसून. मी म्हटलं बरं, आणि गेलो घरी."

डॅरिल त्याचा धाकटा भाऊ. गेला. त्याच्या बायकोचं गवत वर्लिननं नंतर कितीतरी उन्हाळे कापलं, आम्ही सगळे बघत होतो. मी त्या मगवाल्याचा आयुष्यभर राग राग केलाय, हो, कबूल, पण त्या क्षणी माझा हात आपोआप किल्लीकडं गेला. इंजिन बंद केलं. उतरलो. काय करता? अशा माणसाला सांगायचं कसं, की बाबा, माझं हृदय धडधाकट आहे, मी फक्त हवा बघितली नाही?

तर तो तिथंच घुटमळतोय. म्हटलं, "आता काय?" तर मान खाजवून म्हणतो, "दोन दोन अंगणं मारून माझा डेक बिघडला रे. डावीकडून खाली खातोय. आज तुझाच ट्रॅक्टर घेऊ का?"

दिला! चढला तो माझ्या ट्रॅक्टरवर, आणि तुम्हाला सांगतो, काय कापलंय हो! एक रेघ नाही, एक पायरी नाही. लोक गाड्या थांबवून बघतात, काच खाली करून म्हणतात, "वा, वर्लिन!" वर्लिन हात हलवतो.

आणि मी? सगळ्यांनी मला काय सांगितलंय? "लायल, तू पडून राहा." पडूनच आहे. गॅरेजमध्ये. वर्लिनच्या ट्रॅक्टरखाली.