जुनी लग्नं

२०१९ साली दिग्रसच्या फोटो स्टुडिओत रुखमाबाई ओळखपत्राच्या फोटोसाठी थांबल्या होत्या. भारत जुन्या कॉम्प्युटरवर त्यांच्याच तांड्यातल्या मानीबाईच्या वारलेल्या मुलाचा मोबाईलवरचा फोटो मोठा करत होता.

"काहून थांबलं, बापू?"

"डिस्क भरली, मावशी. सॉफ्टवेअर जागा मागून राह्यलं. जुने लग्नाचे फोटो डिलीट मारून राह्यलो."

"कोनाच्या लग्नाचे?"

"तुमच्या तांड्याचे. अल्बम नेले सगळ्यायनं."

"मानीबाईचा हा संजय हरेक लग्नात नाचे. या मोबाईलच्या फोटोत त त्याचं तोंडच दिसत नाही."

"डिलीट थांबवतो, मावशी."

"किती गेले?"

"एकच लग्न राह्यलं."

भारतनं त्या लग्नाचे फोटो एकेक उघडले. रुखमाबाईंनी पदर मुठीत धरला.

"तो वर केलेला हात त्याचाच हाय. खाली सरकव, बापू. तोंड दाखव."

मानीबाईच्या भिंतीवर संजय आजही नाचतो आहे. भारतनं नवा कॉम्प्युटर घेतला, जुना विकला नाही. रुखमाबाईंच्या त्या दिवशी काढलेल्या ओळखपत्राच्या फोटोत मात्र डोळे अजून भेदरलेलेच आहेत.