दोन माणसांचं काम

—नाही नाही मॅडम, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय सुतळीनं बांधला आहे. या बाकावर बसा. अनंतराव येतीलच, आमचे अध्यक्ष — तुमच्यासाठी गरम आलूगुंडे, म्हणजे बटाटेवडेच, आणाले गोल बाजारात गेले आहेत, हारही आणतील, तुम्ही नाही म्हणाल तरी घालतील. तुम्ही लवकर आल्या न. बरं झालं. म्हणजे — अनुदान तुमची संस्था देणार, तर तुम्हाले खरं खरं दिसलं पाहिजे. अनंतराव असते तर चांगलं चांगलंच दाखवलं असतं. मी हरिदास. भांड्याच्या दुकानात कामाले आहे, रविवारी इथं. शाळा नववीतच सोडली, म्हणून मले सजवून बोलता येत नाही. तुम्ही लिहून घ्या, मी सांगतो.

हे पाहा — हा उलटा स्टूल, त्याच्या पायांवर आडवी पट्टी, पट्टीवर मोबाईल, खाली पुस्तक. झाली डिजिटल लायब्ररी! इकडं हिंदी मुलखातल्या मराठी घरांतली पुस्तकं आहेत — मुलं हिंदीच वाचतात, घरातलं म्हातारं माणूस गेलं की पोतं भरून आमच्या दारात आणून ठेवतात. आम्ही एकेका पानाचा फोटो काढतो, नेटवर चढवतो, कोणीही फुकट वाचावं. पण कसं काढतो? वाकडं! लिहा — पानं वाकडी. पंखा लावला की लाइट जाते, तेही लिहा. आणि हे स्क्रीनवर पाहा — प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात अंगठा. पान दाबून धरावं लागते न, तो अंगठा. आता तुमच्यासारख्या मोठ्या संस्थेनं अशा अंगठेवाल्या पुस्तकांले पैसे द्यावे काय? मी तर म्हणतो, नाही द्यावे. म्हणजे अनंतरावांनी अर्जात मागितलेल्या त्या फोटो काढायच्या मशीनसाठी नाही.

माझा अंगठा? नाही हो, माझा असा कुठी असते — हा तर — सभासद आहे एक. म्हणजे मुलगी. पुस्तक बदलते तशी नखपॉलिश बदलते, ते सोडा. हे जांभळं म्हणजे पाकशास्त्राचं पुस्तक, हे लाल नाटकाचं, आणि हे काहीच लावलं नाही ते तिच्या ऑफिसात ऑडिट होतं तेव्हाचं. मले काहून माहीत? बाजूलेच तर असतो मी! ती पान दाबते, मी म्हणतो ‘हं’, फोटो निघते, ती पान पलटते. मी पानाचा आकडा मराठीत म्हणतो, ती हिंदीत म्हणते, जुळला की पुढं. दोन माणसांचं काम आहे हे मॅडम, एकट्याचं नाहीच.

आणि ते मशीन! मी मोबाईलवर पाहिलं. काच खाली येते, पान दाबते, पायानं पायडल मारलं की फोटो. एकटा माणूस दोन घंट्यांत अख्खं पुस्तक संपवते. एकटा! मग बाकीच्यांनी काय करायचं? चेतना तेलीबांध्याहून येणार कशाले, काच पाहाले?

कोण चेतना? मी नाव घेतलं? कधी?

ते बटण नका दाबू. ते — ते अंगठा पुसायचं आहे. हो, आहे तसं बटण. पहिल्यापासून आहे. काम नाही करत. म्हणजे करत असेल, मी कधी दाबलं नाही. हसू नका मॅडम. एक-दोन पानं पुसट आहेत, ती पुन्हा काढावी लागतात, कारण कधी कधी माझा हात हलते. म्हणजे हलवतो. थोडासाच. हे लिहू नका.

नाही, ऐका न. पुस्तकं टिकली पाहिजेत, हे मलेही वाटते. मागं एक पुस्तक पोत्यातून काढलं, तर हातात नुसता भुगा आला, नावही कळलं नाही. वाईट वाटते. पैसे द्याच तुम्ही, पण मशीनचे नको. वस्तू तर सगळेच देतात! एका शेठनं प्रिंटर दिला — डिजिटल लायब्ररीले प्रिंटर! — त्यावर आईचं नाव, फीत कापली, पेपरात फोटो. शाई कोणी दिली नाही. आता त्यावर आम्ही चहाचे कप ठेवतो. नेटचं बिल कोणी देत नाही, भरली की नवी हार्ड डिस्क कोणी देत नाही, अनंतराव पेन्शनीतून भरून राहिले. बिलावर पाटी लावता येत नाही न, म्हणून. तुम्ही ते द्या. आम्ही हातानं काढू. हळूहळू. खूप हळूहळू —

चेतना! तू? कधीपासून उभी आहे जिन्यात? ... सगळं?

मॅडम, ही — हीच ती. म्हणजे सभासद. बस न चेतना, त्या खुर्चीवर नको. मी मॅडमले फक्त खोली दाखवून राहिलो होतो, बाकी काही — काय म्हणाली? ‘दीदी, यहाँ छत टपकती है’? इथं? काहीही काय चेतना, वर तर अनंतरावांचं स्वयंपाकघर आहे, पाणी कुठून येईल? नाही हो मॅडम, कोरडीठक्क आहे भिंत, हात लावून पाहा — ‘मशीन को जंग लग जाएगा’? असा कसा गंज लागेल — काहून डोळे वटारून राहिली? मी काय —

...

हव, मॅडम.

गळते. खूप गळते. उन्हाळ्यातही गळते. मशीनसाठी जागा बरोबर नाही, असं लिहा. नेटचं बिल खाली लिहा, ठळक. झालं? खाली अनंतरावांची गाडी वाजली बहुतेक — तुम्ही खालीच भेटा त्यांले, आलूगुंडे गरम आहेत तोवर. आणि जाताना दार ओढून घ्या मॅडम. आम्हाले काम आहे.