मशिनचे मोर

अरे, आमच्या फुलपाड्याच्या बिल्डिंगमधली एक दिवाळी सांगतो. आई तेव्हा वालीवच्या कारखान्यात मशिनवर रांगोळीचे स्टिकर छापायची. तिला हाताची रांगोळी शिकवली होती जूचंद्रच्या मावशीनं. मावशी आमच्याकडे पहिल्यांदाच येणार होती. "नंबर नको सांगू, तुजी रांगोली बगून दार वलखीन," म्हणाली.

आणि प्रत्येक दारापुढे आईच्या कारखान्यातला तोच छापील मोर! सगळे मजले चढून बिचारी जिन्यातच बसली, आम्ही शोधत बाहेर आलो तेव्हा सापडली.

मी तापलोच. "आई, तुझ्या मशिननं आपलं दारच हरवलं!"

मावशीनं हळूच विचारलं, "यातला तुजा मोर कंचा गो?"

आई स्वप्नात असल्यासारखी जिन्यातून खालच्या दारांकडे बघत होती. "सगळेच माझे, ताई. पार नालासोपाऱ्यापर्यंत बसलेत. हातानं मी एवढ्या दारांत कधी पोचले असते?"

मावशी गुडघे धरून उठली. "बरं बाय. मंग फराल कंच्या दारात खाऊ?"