सहावं पातं

...पाचच! नाही, तुम्हीच मोजा ना, हे घ्या हातात. एक, दोन, तीन, चार, पाच... आणि ही इथे तुटल्याची खूण. मग सहावं कुठाय? त्या दिवशी सकाळपासून मी एवढंच विचारत होतो सगळ्यांना. आठवीत शाळा सोडली मी, कबूल, पण सहापर्यंत मोजता येतं की मला! तुम्हाला सांगतो, मी कोणावर आळ घेत नाही हां... पण रबराला काय पाय फुटतात?

आमच्या बोटीच्या इंजिनाला पंप असतो, त्यात हे एवढंसं, सहा पात्यांचं रबराचं चाक. ते फिरतं, समुद्राचं पाणी ओढतं, इंजिन थंड राहतं. पावसाळा संपल्यावर आमच्या चौकच्या किनाऱ्यावर बोट पाण्यात उतरवली, इंजिन चालू केलं, तर तापमानाचा काटा सरळ लालात! पंप उघडला, तर पाच पाती. मेकॅनिक सदूमामा म्हणतो, "नवीन चाक टाकीन रे, दोन मिनटाचं काम. पण तुटलेला तुकडा आधी शोध. तो कुठं अडकला असंल तर नवीन चाक काय करनार, कपाळ?" लगेच बाबा, सगळ्या खलाशांसमोर, "निकेत, यंदा इंजिन तुझ्या हातात दिलाय. सांजच्या भरतीपर्यंत तुकडा गावला त तू बसशील इंजिनावर, न्हाय त मितेश हाय." मितेश माझा चुलतभाऊ. हाय कसला, हात धुऊन तयारच बसलाय!

आता विचार करा. चाक नवंकोरं, मीच काशीमिऱ्याच्या दुकानातून आणलेलं. दुकानदार म्हणाला होता, "ओरिजिनल है भाई, आँख बंद करके लगाओ." आँख बंद करके का? उघड्या डोळ्यांनी लावलं तर काय दिसणार होतं? मी कोणावर आळ घेत नाही हां, पण त्याने मुळात पाचच पात्यांचं दिलं असेल तर? फोन केला. तो म्हणाला, "गिन के नहीं लिया क्या?" आणि हसला. हसला का?

तेवढ्यात सदूमामा विचारतो, "पाण्याबाहेर इंजिन कोरडं चालवलं का कोणी?" सगळे एका सुरात, न्हाय, न्हाय! मी पण न्हायच म्हणालो... म्हणजे पूजेला चालवलं तेवढं सोडून. ते काय चालवण्यात धरतात? सांगा ना! आमच्याकडे रीतच आहे, बोट वाळूवर असतानाच पूजा, आणि आरती संपेपर्यंत इंजिनाने आवाज दिलाच पाहिजे. आता आईच्या आरत्या म्हणजे एक संपली की "अजून देवीची राह्यली!" सदूमामाने डोकं धरलं. "अरे, पाणी नाही तर रबर जळनार नाही काय!" बरं, जळलं, तुटलं, मान्य. पण गेलं कुठे?

आणि मितेश दोरी गुंडाळता गुंडाळता गाणं गुणगुणतोय. मितेश! जो हळदीत नाचत नाही तो! उजवा हात सारखा खिशात. मी कोणावर आळ घेत नाही हां, पण गेलो जवळ, मला तर बोलायलाच जमत नाही चारचौघांत, तरी म्हणालो, "दाखव." "काय दाखव?" "खिसा." "येडा झालास काय?" मी हातच घातला. लागलं की हाताला! रबर! काळं! मी ओरडलो, "गावला!" सगळी बोट गोळा झाली... केसांचं रबर निघालं. रीमाचं. रीमा कोण ते सदूमामाला माहीत नव्हतं, पण मितेशच्या बापाला, म्हणजे माझ्या काकाला, लगेच माहीत झालं.

काका मितेशच्या मागे, मितेश माझ्या मागे, आणि सदूमामा शांतपणे विचारतो, "पंपापुढचा पाईप उघडलास?"

"नाही."

"मग सकाळधरनं करतोस काय?"

"शोधतोय ना!"

पाईप उघडला. वाकणात तार घातली, ओढली, आणि टपकन सहावं पातं बाहेर! मला रडूच आलं. बरं, थांबायचं ना तिथे? नाही. म्हटलं पाईप साफ करू, परत तार घातली... आणि आणखी एक पातं.

पाच आणि दोन किती? सात! सहा पात्यांच्या चाकाची सात पाती! हे दुसरं मात्र जुनं, दगडासारखं कडक. म्हणजे आधीच्या चाकाचं. ते चाक बदललं कोणी? बाबांनी, गेल्या वर्षी, स्वतःच्या हाताने, तुटलेला तुकडा न शोधताच. गेल्या हंगामभर इंजिन तापायचं, आणि इंजिनावर बसून बाबा ठाम सांगायचे, "डिझेलात भेसळ हाय!" डिझेलवाल्याशी बोलणं टाकलंय त्यांनी, अजून!

बाबांनी ते जुनं पातं माझ्या तळहातावरून उचललं. मुठीत धरलं. समुद्राकडे बघितलं.

"किती गावले?"

मी मितेशकडे बघितलं, भरतीकडे बघितलं. "...एक."

"मंग बस इंजिनावर."

बसलो. इंजिन आता थंडगार चालतं. मी कोणावर आळ घेत नाही हां... पण बघा ना, त्या दिवशी सगळ्यांवर संशय घेतला तो मी, आणि आता मी साधी जांभई द्यायला तोंड उघडलं, तरी बाबा दचकून माझ्याकडे बघतात!