खळ्यावरचा टँकर

खळं ही लक्ष्मीची जागा; तिथं पायताण घालून जाईल त्यानं ते सारवून द्यावं, हा जळकोटचा जुना दंडक. सलग दोन वर्षं खळ्यावर रासच न पडल्यामुळं तो पाळणं सगळ्यांना सोपं गेलं होतं.

आज मात्र टँकरवाला बलभीम आबारावांच्या खळ्यावर टँकर लावून चहाला गेला. आबारावांनी किल्ली आणि खेपेची चिठ्ठी काढून घेतली. खळ्यालगतच्या फाट्यावर एसटीची वाट बघत व्यंकट गुरुजी ऐकत होते.

"खळं सारवा, किल्ली घ्या."

"सारवायला पाणी कुठलं, आबाराव?"

"टँकर कुणाचा हाय?"

"रिकामा हाय. नळदुर्गला भरायला चाललोय. बाराला तिथली मोटार बंद होते."

"होऊ द्या. दंड म्हंजे दंड."

"कुठलं तरी गाव घागरी मांडून बसलं आसंल."

"कुठलं?"

"टँकर भरला की तिथला मुकादम चिठ्ठी वाचून सांगतो. मला वाचता येत न्हाय."

"मला तरी कुठं येतंय? शेण गोळा करा."

"हात जोडतो, मालक."

"जोडलेल्या हातानं सारवता येत न्हाय."

बारा वाजून गेले. बलभीम चाकाला टेकून बसला. आबारावांनी किल्ली त्याच्या पुढ्यात टाकली आणि चिठ्ठी गुरुजींकडं दिली.

"बघा वो, कुणाचं पाणी बुडालं."

गुरुजींनी चष्मा लावला. आजची खेप जळकोटची होती.