सरांचा डोळा लागला

मी मूळची मिरजंची. आमच्यात तंबोरं करायचा धंदा, अब्बा, चाचा सगळे दिवसभर भोपळ्याच्या भुशात बसल्यालं, आन घरात कॉलेज शिकल्याली मी पैली. बी.एड. झाले, विट्याकडच्या एका गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवाय लागले, तितंच हेडबाई झाले. शाळंत मी शुद्ध बोलते बरं का, पण मनातलं सांगाय बसलं की ही अशी भाषा येती. तुमी लिवताना पायजे तर नीट करा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.

तर गावचं असं हाय, निम्मी मानसं बाहेर. सोनं गाळायची दुकानं घेऊन कोन मद्रासला, कोन कानपूरला, पोरं हितं आजीआजोबांजवळ. संस्थेचे अध्यक्ष म्हनले, बाई, शाळेचं पेज काढा, पालकांचा ग्रुप काढा, इंग्लिश मिडियमवाले रोज फोटो टाकतात आन आपला पट घसरतोय. काढला. खोटं कशाला बोलू, पैल्यांदा लय बरं वाटलं. कानपूरच्या बापाला पोरगी खो-खो खेळताना दिसायची, तो तिथनं लिवायचा, बाई, डोळ्यात पानी आलं. पन मग एकेक सुरू झालं. माझा पोरगा फोटोत मागं का उभा केला? अमक्याच्या पोरीचाच सत्कार का टाकला? कारखान्याच्या निवडणुकीत तर आमच्या ग्रुपवर दोन पार्ट्या भांडायच्या, मी मधी हात जोडायची. अध्यक्षांना म्हनले, आपन फक्त शाळेनंच लिवायचं असं करू, बाकीच्यांनी वाचायचं. ते म्हनले, नको, मानसं तुटत्यात, मोकळा ठेवा. ठेवला मोकळा.

आमच्यात कदमसर होते, गणिताचे. गरीब मानूस, आवाज कवा चढला न्हाई. पोरं न सांगता वही उघडायची त्यांच्या तासाला. त्यांच्या मंडळींच्या दोन्ही किडन्या गेल्या, मिरजंला दिवसाआड मशीनवर न्यायला लागायचं. पोटी मूलबाळ न्हाई, करनारे ते एकटेच. नंबर रातच्या पाळीत लागायचा, सर रातभर भाईर बाकड्यावर बसायचे आन सकाळच्या यष्टीनं मंडळींना घरी सोडून थेट शाळंत यायचे. सर ऱ्हायला विट्यात, म्हनून गावात कुनाला पत्त्या न्हाई, शाळंत हे फक्त मला ठावं, कारन दवाखाना माझ्या माहेराजवळ, माझी भावजय डबा द्यायची. मी लय येळा म्हनले, सर, रजा घ्या. ते म्हनायचे, रजा सपत आल्यात बाई, फुडं अजून किती लागतील कोन सांगावं. आन दहावीचा वर्ग हाय.

एक दिवस दुपारच्या तासाला त्यांनी पोरांना गणितं घातली, खुर्चीत बसले आन डोळा लागला. एवढंच. पोरं गप गणितं सोडवत होती. एक पालक दाखल्यासाठी आलावता, त्यानं खिडकीतनं मोबाइलवर सरांचं शूटिंग घेतलं. तोंड उघडं पडल्यालं, चष्मा घसरल्याला. आन टाकलं कुठं, तर आमच्याच ग्रुपवर! खाली लिवलं, फुकटचा पगार. मी ऑफिसात पगारबिलं बघत होते, मोबाइल टेबलावर नुसता थरथरत होता. बघितलं तवा ते ग्रुपवरनं काढाय लावलं, पन तवर विटा, तासगाव, सांगली, पार कुठल्या कुठं गेलतं. सांजच्याला त्याला गानं लावल्यालं, घोरायचा आवाज घातल्याला. सर घोरत नव्हते हो. मी सोता वर्गात गेलते, त्यांच्या खांद्याला हात लावून उठवलं मी.

अध्यक्षांचा फोन आला, बाई, पेजवर टाका, संबंधित शिक्षकाला निलंबित केलं. मी म्हनले, चौकशी न करता कसं टाकू? ते म्हनले, लोक चौकशी बघत न्हाईत, पेज बघत्यात.

मग मी सरांच्या घरी गेले. म्हनले, सर, मला दोन वळी लिवू द्या, तुमच्या घरच्यांचा आजार, रातची जागरनं. गाव तुमच्या पाया पडंल. ते दारातच उभे, आत मंडळी झोपलीवती. हळू आवाजात म्हनले, बाई, आवं तिला वाटतंय मी तिथं रातचा झोपतो. तिच्यापायी माझी ही गत झाली हे तिला कळलं, तर ती मशीनवर बसायची न्हाई. आत्ताच म्हनती, कशाला मला जगवताय. तुमी काय बी लिवा, तेवढं लिवू नका. मला शपथ घातली.

काय करनार सांगा? उत्तर माझ्या हातात हाय आन द्यायचं न्हाई. मी पेजवर एवढंच लिवलं, कदम सर आमचे ज्येष्ठ शिक्षक आहेत, शाळा त्यांच्या पाठीशी आहे. झालं, मोहोळच उठलं. झोपाळू शाळा, हेडबाईंना हाकला. माझ्या आडनावावरनं बी दोघातिघांनी लिवलं. ते मी घरात दाखवलं न्हाई. त्यातला एक माझाच विद्यार्थी, त्याचं इंग्रजी मी घरी बसवून करून घेतल्यालं.

अध्यक्ष म्हनले, काढा ते. मी न्हाई काढलं. ग्रुप मातर बंद केला, तर पालकांनी माझ्यामाघारी दुसरा काढला. पैलं तोंडावर बोलायचे, आता काय बोलत्यात ते कळत बी न्हाई.

सर येत होते शाळंत, पन पोरांच्या फुडं उभं ऱ्हायला त्यांना जमंना. फळ्याकडं तोंड करूनच शिकवायचे. दहावीची परीक्षा झाली आन सोताहून राजीनामा घेऊन आले. मी म्हनले, थांबा सर, लोक इसरतील. ते म्हनले, बाई, लोक इसरतील, मला याद ऱ्हाईल. मंडळींना सांगितलं, कटाळा आला नोकरीचा.

त्या बाई फुडच्या दिवाळीआधी गेल्या. आन तवा गावाला कळलं, मिरजंचं, मशीनचं, बाकड्याचं सगळं. मग काय, ज्यानं त्यानं हात जोडल्याली चित्रं, फुलं, भावपूर्ण श्रद्धांजली. खिडकीतनं शूटिंग घेतल्याला तो मानूस मातीला आलावता, सगळ्यांच्या मागं उभा. त्यानं सरांकडं बघितलं न्हाई आन सरांनी त्याला वळखलं बी न्हाई.

आता माझी बी रिटायरमेंट आली. पेज चालूच हाय, चालवावंच लागतंय, फोटो टाकताना आजबी हात आखडतो माझा. मदनं आदनं सरांकडं जाऊन येते. एकटेच असत्यात, भाकरी सोता थापत्यात, बटनाचा जुना फोन हाय त्यांच्याकडं. परवा चहा देताना मला म्हनले, बाई, ते अजून दिसतंय का वं कुठं? मी म्हनले, न्हाई सर, कवाच गेलं ते. ते म्हनले, बरं झालं.

गेलं कुठलं? गेल्या हप्त्यात माझ्या नातीनं हसत हसत मला दाखवलं, आजी, हे बघ, झोपाळू गुरुजी. तिला काय ठावं. अल्लाकडं एवढंच मागते, त्या मानसाला आता कुनी ते दाखवू नये, आन रातची चांगली झोप लागू दे त्यांना.