धक्का न चालणारी गाडी

नव्या गाडीचं कौतुक मला सांगू नका. आमच्या जावयांनी बटनावर चालू होणारी, बिनगिअरची गाडी घेतली. नातीची परीक्षा जालन्याला होती. नऊला गेट बंद होणार, म्हणून ते आदल्या दिवशीच तिला घेऊन आमच्याकडे मुक्कामी आले.

"मामा, तुमच्या खटाऱ्यात पोरगी पोचायची न्हाई."

सकाळी त्यांनी बटन दाबलं. बॅटरी उतरलेली. नात रडकुंडीला आली.

मी म्हणालो, "धक्का मारू."

"हिला धक्का चालत न्हाई, मामा."

"मंग चालतं काय हिला?"

माझ्या जीपचा सेल्फही वर्षभर बंदच आहे. म्हणून मी ती कायम मारुतीच्या देवळाजवळच्या उतारावर उभी करतो. नातीला शेजारी बसवलं, ब्रेक सोडला, दुसऱ्या गिअरात क्लच सोडला. जीप गरजली.

जावई मागून पळत आले. "मामा, थांबा!"

"थांबत न्हाई. पळत चढा, पाव्हणं!"

चढले. पाऊण तासात गेटवर पोचलो. नऊला वीस मिनिटं होती. नात आत गेली. मी किल्लीला हात घातला, तर जावयांनी माझं मनगटच धरलं.

"मामा, बंद करू नका! इथं सगळं सपाट हाय."